समुद्रात तेल सांडलं तर पहिले तीन दिवस काय करायचं : किनाऱ्यावरच्या माणसासाठी कायद्याची वाट

आधी एक गोष्ट सांगते, मग कायद्याकडे येते, कारण ती गोष्ट घडली नसती तर मी हे लिहायला बसलेच नसते.

काही वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, पावसाळी मासेमारीची बंदी उठून जेमतेम पंधरा दिवस झाले असतील, आमच्या खाडीच्या तोंडाशी पहाटे डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, काढायला गेलेली होडी परत आली ती काळी होऊन. जाळ्याला, दोरांना, तांडेलच्या म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या कोपरापर्यंतच्या हातांना सगळीकडे चिकट काळं तेल आणि डोकं दुखेल असा वास. बायकांनी रॉकेल आणून जाळं घासायला घेतलं, दोन दिवस घासलं, निघेना, शेवटी ते किनाऱ्यावरच जाळून टाकलं. पोरांनी बादल्या भरभरून वाळू साफ केली आणि घाण कुठेतरी खड्ड्यात पुरली. सगळ्यांना वाटलं चांगलं काम झालं. तीन-चार महिन्यांनी भरपाईचं बोलणं निघालं तेव्हा टेबलापलीकडून एकच प्रश्न आला, "नुकसान झालं याला पुरावा काय?" आमच्याकडे होता वाळूवरचा एक जळका डाग आणि व्हॉट्सॲपवर फिरून फिरून धूसर झालेला एक फोटो. एक रुपया मिळाला नाही.

तेव्हापासून आमच्या मच्छीमार सोसायटीचे कागद मी बघते, वकिलांकडे चकरा मारते, आणि मला कळलेली गोष्ट अशी की आपल्याकडे समुद्रासाठी कायदे कमी नाहीयेत, पण ते सगळे पहिल्या तीन दिवसांत तयार झालेल्या कागदावर उभे राहतात. समुद्र पुरावा सांभाळून ठेवत नाही, दोन भरत्या आल्या की सगळं पुसून टाकतो. म्हणून खाली जे सांगतेय ते त्याच क्रमाने सांगतेय, आधी फोन, मग पंचनामा, मग कोर्ट.

पहिला फोन

१५५४. हा कोस्ट गार्डचा नंबर, चोवीस तास चालू, आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा. फोनवर "समुद्रात तेल आलंय" एवढंच सांगून उपयोग नाही. जागा सांगा (होडीवर जीपीएस असेल तर आकडे, नाहीतर फोनच्या मॅपवर बोट दाबून धरलं की आकडे येतात ते), वेळ सांगा, रंग सांगा, वारा कुठून आहे, भरती आहे की ओहोटी, जवळपास कुठलं जहाज दिसतंय का. रंग का विचारतात तर इंद्रधनुष्यासारखा चमकणारा तवंग म्हणजे फार पातळ थर, आणि काळा किंवा चॉकलेटी जाड थर म्हणजे खरंच मोठा माल सांडलाय, त्यावरून किती बोटी आणि किती सामान पाठवायचं ते ठरतं. एकदा माहिती गेली की तेल पुढे कुठल्या दिशेला सरकेल याचा अंदाज हैदराबादची इनकॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था काढून देऊ शकते.

दुसरा फोन १०७७, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला. तिसरा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या ऑफिसला, चौथा मत्स्य विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला. आणि हे चारही फोन झाले की त्याच दिवशी, रात्री उशीर झाला तरी चालेल, चौघांना एकच ईमेल टाका. फोन कोर्टात दाखवता येत नाही, ईमेल येतो.

आता होणार काय, तर प्रत्येक जण म्हणणार "हे आमच्याकडे येत नाही". म्हणून ही वाटणी पाठच करून ठेवा. देशाचा तेल गळतीचा आपत्ती आराखडा १९९६ पासून आहे, त्याला नॉस-डीसीपी म्हणतात, आणि त्याप्रमाणे खोल समुद्रात जबाबदारी कोस्ट गार्डची, बंदराच्या हद्दीत बंदराची, तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरमध्ये त्या तेल कंपनीची, आणि तेल किनाऱ्याला लागलं की सफाई राज्य सरकारची म्हणजे आपल्यासाठी कलेक्टरची. ७०० टनांपर्यंतची गळती पहिल्या पातळीची धरतात, त्याच्यावर १०,००० टनांपर्यंत दुसरी, त्याच्या पुढे तिसरी. ही वाटणी ईमेलमध्ये एका ओळीत लिहिली तरी समोरचा माणूस टोलवाटोलवी करताना दोनदा विचार करतो, हा माझा अनुभव.

पंचनामा, ह्यात चूक करू नका

बादली उचलायच्या आधी पंचनामा. मला माहितीय की घाण डोळ्यासमोर असताना थांबणं जड जातं, जानेवारी २०१७ ला चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा लोक हातांनी, बादल्यांनी तेल काढत होते ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं, आणि त्या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण अंगाला लागणारं ते तेल साधं नसतं, हातमोजे आणि गमबूट नसतील तर हात लावूच नका, आणि पंचनामा होईपर्यंत निदान एक पट्टा न साफ करता तसाच ठेवा.

तलाठ्याला बोलवा, सोबत मत्स्य विभागाचा माणूस आणि जमलं तर मंडळाचा फील्ड ऑफिसर. दोन पंच गावाबाहेरचे मिळाले तर उत्तम. पंचनाम्यात "किनारा खराब झाला" असं मोघम वाक्य लिहून घेतात, ते चालवून घेऊ नका. किती मीटर लांबीचा किनारा, थराची जाडी किती (वाळूत फुटपट्टी उभी खोचून फोटो काढा), किती होड्या, होडीचा रजिस्टर नंबर, कुठलं जाळं, किती वाव लांब, कधी घेतलेलं, मेलेले मासे, चिंबोऱ्या, तिसऱ्या (शिंपल्या) कुठे किती, कांदळवनाच्या मुळांवर तेल कुठपर्यंत चढलंय, हे सगळं आकड्यात पाहिजे. खाडीत कालवं आणि शिंपल्या काढणाऱ्या बायकांची नावं पण त्यात घाला, हे आवर्जून सांगतेय, कारण त्यांच्या नावावर होडी नसते, परवाना नसतो, आणि त्यांचं नुकसान दर वेळेला कागदाबाहेरच राहतं. पंचनाम्याची सही केलेली प्रत तिथल्या तिथे मागा, निदान फोटो काढून घ्या.

फोटो आणि व्हिडिओचं पण ऐका. लोकेशन चालू ठेवून काढा, एक लांबून, एक जवळून, जवळच्या फोटोत त्या दिवसाचा पेपर किंवा एखादं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. मग ती ओरिजिनल फाईल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली फोटोची फाईल लहान होते, तिच्यातली माहिती जाते. नवीन पुरावा कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा फोटोसोबत सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते वकील करून देतात, पण ज्याच्या फोनने काढला तो माणूस आणि तो फोन जागेवर पाहिजेत. म्हणून कोणी काय काढलं याची वहीत नोंद.

खराब झालेलं जाळं जाळू नका, फेकू नका. ताडपत्रीत गुंडाळून, नंबर लावून, सोसायटीच्या गोडाऊनमध्ये ठेवा, नुकसान मोजणारा सर्व्हेयर येऊन बघून गेला आणि तसं लिहून दिलं की मगच विल्हेवाट.

बाटलीतलं तेल

सॅम्पल. ह्यावर जरा थांबते, कारण सगळी केस कधी कधी ह्या एका बाटलीवर फिरते.

कायदेशीर सॅम्पल सरकारी अधिकाऱ्यानेच घेतलेलं लागतं, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ च्या कलम ११ मध्ये ते कसं घ्यायचं, कसं सील करायचं हे दिलंय, त्यामुळे मंडळाच्या माणसाला सॅम्पल घ्यायलाच लावा आणि तशी नोंद पंचनाम्यात करा. पण तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला आणि तोवर भरती येऊन गेली तर? म्हणून आपलं एक घेऊन ठेवायचं. काचेची बरणी, लोणच्याची चालेल पण साबणाने धुऊन, गरम पाण्याने धुऊन, खडखडीत वाळवलेली. प्लास्टिक नको, तेलात प्लास्टिकचे अंश मिसळतात. स्टीलच्या चमच्याने तेलाचा गोळा उचलायचा, बरणीच्या तोंडावर स्वयंपाकाचा ॲल्युमिनियम फॉइल लावून मग झाकण, वर कागद चिकटवून तारीख, वेळ, जागा, कोणी घेतलं, कोण हजर होतं. दोन बरण्या करा. मग फ्रीजमध्ये, मासे ठेवतो तिथे नाही. कोर्टात हे आपलं सॅम्पल सरकारी सॅम्पलच्या जागी चालत नाही, पण "तपासणी करा" अशी मागणी करायला त्याचा जोर लागतो.

कारण तेलाचा ठसा असतो, माणसाच्या बोटांसारखा. गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गेली कित्येक वर्षं पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर येणाऱ्या डांबरगोळ्यांचे, म्हणजे घट्ट झालेल्या तेलाच्या काळ्या गोळ्यांचे, असे ठसे तपासतेय, त्यावरून गोळा टँकरच्या टाक्या धुतलेल्या घाणीतून आलाय की समुद्रातल्या तेल क्षेत्रातून, हे सांगता येतं. आणि जहाजाच्या बाजूनेही सॅम्पल असतं हे फार लोकांना माहीत नाही. मार्पोल नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे जहाजाने इंधन भरलं की त्याची सीलबंद बाटली निदान १२ महिने जपून ठेवावी लागते आणि इंधनाची पावती तीन वर्षं. वकिलाला सांगा, कोर्टाकडे पहिली मागणी हीच करा की ती बाटली ताब्यात घ्या आणि आमच्या किनाऱ्यावरच्या तेलाशी ताडून बघा.

कुठलं जहाज हे कळत नसेल तर ट्रॅकिंगच्या वेबसाईटवर त्या रात्री कोण कोण गेलं ते दिसतं, लगेच स्क्रीनशॉट घ्या, फुकट वेबसाईटवर जुनी माहिती लवकर दिसेनाशी होते. सेंटिनेल-१ ह्या युरोपच्या उपग्रहाच्या रडार इमेजेस पण फुकट असतात, ढग असले तरी त्यात तेलाचा काळा पट्टा दिसू शकतो, गावातला एखादा इंजिनिअर पोरगा ते काम एका संध्याकाळी करून देतो.

आता कायदा, कुठून सुरुवात करायची

माझं मत विचाराल तर लगेच हायकोर्टात धावू नका, आधी जवळचा माणूस पकडा. तेल जमिनीवरून येत असेल, म्हणजे पाईपलाईन फुटली, कारखान्याच्या नाल्यातून आलं, टर्मिनलमधून गळलं, तर प्रांताकडे म्हणजे प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज द्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जुन्या सीआरपीसीचं १३३. सार्वजनिक उपद्रव थांबवायचा आदेश प्रांत देऊ शकतो, आणि धोका मोठा आणि लगेचचा असेल तर चौकशी पूर्ण व्हायची वाट न बघता कलम १६१ खाली मनाई पण करू शकतो. सोबतच मंडळाला लिहा की जल प्रदूषण कायदा १९७४ च्या कलम ३३-अ खाली काम बंद करायचे, वीज-पाणी तोडायचे निर्देश द्या. ही दोन्ही हत्यारं स्वस्त आहेत, वकिलाशिवाय चालतात, आणि गळती चालू असताना कामाची तीच.

तेल जहाजातून असेल तर मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाला, म्हणजे जहाजांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याला, मेल गेलाच पाहिजे. मालकाला तेल उपसा, जहाज हलवा असा आदेश देणं, आणि मालकाने नाही केलं तर स्वतः करून खर्च वसूल करणं हे अधिकार १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यापासूनचे आहेत, २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यामुळे अर्जात कलम नंबर टाकताना वकिलाला विचारूनच टाका.

मग एनजीटी, हरित न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात. इथलं सगळ्यात मोठं बळ म्हणजे २०१० च्या कायद्याचं कलम १७, चूक कोणाची हे सिद्ध करत बसावं लागत नाही, अपघातातून नुकसान झालं एवढं दाखवलं की जबाबदारी येते. कलम १५ खाली भरपाई आणि निसर्ग पूर्ववत करायचा खर्च दोन्ही मागता येतात, मुदत पाच वर्षं. नुसता आदेश पाहिजे असेल, भरपाई नको, तर मात्र सहाच महिने, ही तारीख चुकवून दारातून परत गेलेले लोक आहेत. फीचं गणित पण आधीच समजून घ्या, भरपाई न मागता अर्ज असेल तर १,००० रुपये, पण भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे कोणीतरी जोशात येऊन दहा कोटी लिहिले तर दहा लाख भरावे लागतील. म्हणून आकडा हिशोबातून काढायचा, रागातून नाही. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि मोठ्या आपत्तीत सापडलेल्यांना मोफत वकील मिळतो, बाईला तर उत्पन्नाची अट पण नाही. आणि अगदीच काही जमलं नाही तरी फोटो लावून पत्र पाठवा, कारण ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एनजीटी स्वतःहून दखल घेऊ शकते.

हे नुसतं कागदावर नाहीये. ४ ऑगस्ट २०११ ला मुंबईपासून साधारण २० सागरी मैलांवर एमव्ही राक कॅरियर हे जहाज बुडालं, पोटात ६०,००० टनांवर कोळसा आणि सुमारे २९० टन इंधन तेल. मुंबईतल्या समीर मेहता या पर्यावरण कार्यकर्त्याने अर्ज केला आणि २३ ऑगस्ट २०१६ ला एनजीटीने जहाजाच्या कंपन्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालकाला, अदानी एंटरप्रायझेसला, ५ कोटी भरायला सांगितले. म्हणजे १२ सागरी मैलांच्या हद्दीबाहेर बुडालं म्हणून सुटका नाही, आणि नुसता जहाजवालाच नाही तर मालवालाही जबाबदार. पण तारखा बघा, मध्ये पाच वर्षं गेली. तसंच उरणचं, २७ फेब्रुवारी २०१५ ला पुण्याच्या खंडपीठाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी द्यायचा आदेश जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडकोला दिला, तेल गळतीची केस नव्हती ती, भरावामुळे खाडीतली मासेमारी गेल्याची होती, पण पारंपरिक मच्छीमाराचं उत्पन्न हे मोजून भरून देण्यासारखं नुकसान आहे हे त्यात मान्य झालं, वकिलाला तो निकाल नक्की वाचायला द्या.

जहाज निघून जायच्या आत

सगळ्यात धारदार हत्यार हे आहे आणि सगळ्यात कमी वापरलं जातं. परदेशी मालकाकडून वर्षानंतर पैसे वसूल करणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं, कंपनी एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा, विमा तिसऱ्या देशात. म्हणून जहाजालाच अटक करायची. २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांचा कायदा, १ एप्रिल २०१८ पासून लागू, त्यात कलम ४ मध्ये कुठल्या कुठल्या दाव्यांसाठी हे करता येतं त्याची यादी आहे, आणि जहाजामुळे पर्यावरणाला किंवा किनाऱ्याला झालेलं नुकसान, इतकंच नाही तर नुकसानीचा धोका सुद्धा त्यात आहे. आपल्यासाठी मुंबई हायकोर्ट, जहाज १२ सागरी मैलांच्या म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या आत असेपर्यंत. आदेश तातडीने, सुट्टीच्या दिवशीही मागता येतो. आणि अपघात झालेलं जहाज बुडालं असेल तर त्याच मालकाचं दुसरं जहाज अडकवता येतं, कलम ५ मध्ये तशी सोय आहे.

केरळने हेच केलं. २५ मे २०२५ ला कोचीजवळ एमएससी एल्सा-३ बुडालं, ६४० च्या वर कंटेनर, त्यातले १३ धोकादायक मालाचे, शिवाय ३६७ टन फर्नेस ऑइल आणि ८४ टन डिझेल. चार दिवसांत केरळने ही राज्याची विशेष आपत्ती म्हणून जाहीर केली, त्यामुळे आपत्ती निधीतून मदत द्यायचा रस्ता मोकळा झाला. जुलैमध्ये हायकोर्टात ९,५३१ कोटींचा दावा टाकला आणि विळिंजम बंदरात उभं असलेलं त्याच ग्रुपचं एमएससी अकितेता-२ हे जहाज कोर्टाने अटकेत ठेवलं. पुढे कोर्टाने सुमारे १,२२७ कोटींची हमी भरायला सांगितली. काजू मागवणाऱ्या व्यापाऱ्यांनी तर सरकारच्या आधी, जूनमध्येच, आपल्या ६ कोटींच्या मालासाठी दुसरं एक जहाज अडकवलं होतं. व्यापाऱ्याला हा कायदा माहीत आहे, मच्छीमाराला नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

एक अडचण सांगायलाच हवी, जहाज अडकवणाऱ्याला कोर्टात हमी द्यावी लागते की अटक चुकीची ठरली तर नुकसान मी भरीन (कलम ११), आणि एवढ्या मोठ्या जहाजाचं एका दिवसाचं भाडं पण सोसायटीच्या वर्षाच्या उलाढालीपेक्षा मोठं असू शकतं. म्हणून एकट्या सोसायटीने हे अंगावर घेऊ नये. सगळ्या सोसायट्यांनी मिळून, आमदार-खासदारांना धरून, पहिल्या आठवड्यात राज्य सरकारवर दबाव आणायचा की दावा तुम्ही टाका आणि आमची नावं, आमचे पंचनामे त्यात जोडा. केरळमध्येही दावा सरकारनेच टाकला.

विमा कंपनी आणि लंडनचा फंड

इथे आधी ओळखायचं ते हे की तेल टँकरमध्ये माल म्हणून होतं की जहाजाच्या स्वतःच्या इंजिनाचं इंधन होतं, कारण दोन वेगळे करार लागू होतात. टँकरमधलं जड तेल असेल तर आधी मालकाचा विमा, आणि तो पुरला नाही तर लंडनचा आंतरराष्ट्रीय तेल प्रदूषण भरपाई निधी, भारत १९९२ च्या दोन्ही करारांत आहे. दोन्ही मिळून कमाल मर्यादा २०३ दशलक्ष एसडीआर, हे आयएमएफचं हिशोबाचं चलन. जहाज सापडलं नाही पण तेल टँकरचंच आहे हे दाखवता आलं तरी हा फंड दावा ऐकतो, म्हणून ती बाटली. इंजिनाचं इंधन असेल तर २००१ चा बंकर करार, १,००० टनांच्या वरच्या जहाजाला विम्याचं सर्टिफिकेट ठेवावंच लागतं आणि दावा थेट विमा कंपनीवर टाकता येतो, मालकाला शोधत फिरायला नको. दोन्हीकडे मुदत नुकसान झाल्यापासून तीन वर्षं. कंटेनरमधलं प्लास्टिक, रसायनं ह्यातल्या कशातच बसत नाहीत, त्यासाठी एनजीटी आणि ॲडमिरल्टीच.

फंड कशाकशाला पैसे देतो तर सफाईचा खर्च, जाळी-होड्यांचं नुकसान, बुडालेली मासेमारी, आणि पर्यटन पण. होमस्टेवाल्यांनो, तुमचे कॅन्सल झालेले बुकिंग जपा. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल सांडलं, कीटकनाशकांचे डबे असलेले कंटेनर तरंगत होते, आणि मुंबईत लोकांनी मासे खाणंच थांबवलं, बाजार बसला. ज्याच्या जाळ्याला थेंबही लागला नव्हता त्याचं पण गिऱ्हाईक गेलं, तर असं नुकसान पण हिशोबात धरायचं असतं, फक्त कागद पाहिजेत.

आणि कागद म्हणजे आधीच्या तीन वर्षांचे. डिझेलच्या पावत्या, बर्फाच्या पावत्या, लिलावाच्या चिठ्ठ्या, सोसायटीची खरेदीची वही, खलाशांचा हिशोब, समुद्रात जायचे टोकन, रिअलक्राफ्टवरचं (होड्यांच्या नोंदणीची सरकारी वेबसाईट) रजिस्ट्रेशन, परवाना. ऑगस्टात नुकसान झालं तर मागच्या तीन ऑगस्टशी तुलना करतात, बंदीच्या जून-जुलैशी नाही, त्यामुळे महिन्यावार वेगळे गठ्ठे बांधा. मासळी विकणाऱ्या बायकांनी रोजची विक्री साध्या वहीत तारीख घालून लिहिली तरी चालते, पण ती रोज लिहिलेली दिसली पाहिजे, एका बसणीत एकाच पेनाने लिहिलेली वही सर्व्हेयर लगेच ओळखतो.

विम्याचा माणूस बंदरावर लवकर येतो आणि गोड बोलतो. त्याला सगळं दाखवा, चहा पाजा, पण "फुल अँड फायनल" लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका, इंग्रजीत असेल तर अजिबातच नाही. तातडीची मदत म्हणून काही रक्कम देत असतील तर घ्या, पावतीवर "अंतरिम, उरलेला हक्क राखून" एवढं मराठीत लिहा आणि मग सही.

कंटेनर, दाणे, कासवं, कांदळवन

कंटेनर वाहून आला तर लांब राहायचं, केरळमध्ये २०० मीटर सांगितलं होतं. एल्सा-३ वर १२ कंटेनर कॅल्शियम कार्बाइडचे होते, त्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू सुटतो, ठिणगी पुरते. आतला माल उचलून घरी नेऊ नका, तो कस्टमचा विषय होतो आणि नुकसान झालेल्या गावावरच गुन्हा नोंद व्हायची वेळ येते. प्लास्टिकचे पांढरे दाणे आले तर सफाईच्या आधी वाळूत एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखून आतले दाणे मोजा, असे दहा चौकोन दहा ठिकाणी, फोटोसकट. श्रीलंकेत २०२१ ला एक्स-प्रेस पर्ल बुडालं तेव्हा असेच दाणे किनारेच्या किनारे भरून आले होते, आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने १ अब्ज डॉलर भरपाईचा आदेश दिला.

तेलात माखलेलं कासव दिसलं तर परत पाण्यात ढकलू नका, वन विभागाला किंवा कांदळवन कक्षाला कळवा. ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे मेलेलं सापडलं तरी पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम मागा, तो त्या कायद्याखालचा वेगळा पुरावा होतो. कांदळवनात सफाईच्या नावाखाली जेसीबी घालू देऊ नका, मुळं तुटली तर तेलापेक्षा जास्त नुकसान होतं, सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने कांदळवन तोडणं हा जगण्याच्या हक्कावरचा घाला मानलाय, तो निकाल दाखवा.

पहिल्या दिवशीचा ईमेल

जसाच्या तसा कॉपी करा, मोकळ्या जागा भरा :

"आज दिनांक ___ रोजी ___ वाजता ___ येथे (जीपीएस ___) समुद्रात/किनाऱ्यावर तेल आढळले आहे. रंग ___, वास ___, अंदाजे लांबी ___ मीटर. वारा ___ कडून, भरती/ओहोटी. १५५४ व १०७७ वर ___ वाजता कळवले आहे. विनंती : १) गळती त्वरित थांबवण्याचे आदेश द्यावेत. २) आजच पंचनामा करून त्याची प्रत द्यावी. ३) पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, कलम ११ प्रमाणे नमुने घ्यावेत. ४) संबंधित जहाज भारतीय हद्द सोडण्यापूर्वी ॲडमिरल्टी कायदा २०१७ खाली कारवाई करावी. ५) बाधित मच्छीमार, शिंपल्या वेचणाऱ्या व मासळी विकणाऱ्या महिलांची यादी करावी. आम्ही भरपाईचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत."

कलेक्टर, मंडळ, मत्स्य विभाग, कोस्ट गार्ड, आणि तेल जहाजाचं असेल तर नौवहन महासंचालनालय, सगळ्यांना एकाच मेलमध्ये, म्हणजे कोणाला कळवलं ते प्रत्येकाला दिसतं. आठवड्यात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात मंडळाकडे सॅम्पलचा रिपोर्ट मागा, मुदत ३० दिवस, पण पिण्याच्या विहिरीत तेल उतरलंय, लोक आजारी पडतायत असा जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं, तसं अर्जात पहिल्याच ओळीत लिहा.

आमच्या सोसायटीत आता एक पत्र्याची पेटी आहे. दोन धुतलेल्या बरण्या, फॉइल, स्टीलचा चमचा, हातमोज्यांचे सहा जोड, फुटपट्टी, मार्कर, पंचनाम्याचे कोरे कागद, आणि वर चिकटवलेला नंबरांचा तक्ता. किल्ली दोघींकडे असते. जूनमध्ये डांबरगोळे आले की आम्ही मोठी गळती नसली तरी एक बरणी भरतो, तारीख लिहितो, मंडळाला मेल टाकतो. मागच्या जूनमध्ये दहावीतल्या एका मुलीने फुटपट्टी धरली आणि तिच्या आजीने, जिने तेव्हा दोन दिवस रॉकेलने जाळं घासलं होतं, पंच म्हणून अंगठा दिला.